दोघांची दुरुस्ती

माझे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण रोज एकमेकांचं काम एकमेकांच्या कामात मिसळत होते. हे कसं जमायचं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आम्ही तिघं भावंडं मिळून सिरिंज पंप बनवतो. औषधाची सिरिंज आडवी ठेवायची, मागून एक स्क्रू फिरतो, स्क्रू दट्ट्या ढकलतो आणि औषध थेंबाथेंबाने माणसाच्या शरीरात जातं. स्क्रू किती फिरायचा हे पंपातला प्रोग्रॅम ठरवतो, आणि तो प्रोग्रॅम माझे भाऊ लिहितात. मोटरचा भाग दादाचा, डोसच्या हिशेबाचा भाग धाकट्याचा. मी तपासते. म्हणजे सिरिंजमध्ये पाणी भरते, पंप चालू करते, मापाची काचेची नळी खाली धरते आणि पाणी कुठल्या रेषेपर्यंत आलं ते बघत बसते. कंटाळवाणं काम आहे. दोघांनाही ते कमी दर्जाचं वाटतं, आणि तसं ते बोलून दाखवत नाहीत इतकाच त्यांचा मोठेपणा.

भांडण झालं ते एका प्रदर्शनात. दादा लोकांना पंप दाखवत होता, कुणीतरी विचारलं हा कुणी बनवला, आणि दादा म्हणाला, "मी." धाकटा मागेच वायर धरून उभा होता. वायर त्याने खाली ठेवली आणि निघून गेला. पुढे गावच सोडलं. काम मात्र सोडलं नाही, कारण पंप त्याचाही होता. तेव्हापासून तो तिकडे बसून लिहितो आणि लिहिलेलं सर्व्हरवर स्वतःच्या ब्रँचमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या आपल्या वेगळ्या प्रतीत, ठेवतो. दादा इकडून ते आणतो आणि मुख्य ब्रँचमध्ये मिसळतो. आणण्याला फेच म्हणतात, मिसळण्याला मर्ज. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. मध्ये एक जागा सोडलेली असते, थांबून वाचायची: समोरच्याने काय केलंय, का केलंय. दादा थांबायचा नाही. दोन्ही एका दमात उरकणारी आज्ञा असते, तीच तो द्यायचा, म्हणजे भावाने लिहिलेलं नजरेस पडायला नको.

आणि वाचून तरी काय मिळणार होतं? प्रत्येक बदलाबरोबर दोन ओळी लिहायच्या असतात, काय बदललं त्याच्या. पूर्वी धाकटा तिथे गप्पा मारायचा, दादाची टिंगलही करायचा. भांडणानंतर दोघंही एकच शब्द लिहायला लागले. दुरुस्ती. वर्षानुवर्षं, पानंच्या पानं, खाली खाली नुसतं दुरुस्ती, दुरुस्ती, दुरुस्ती. जणू जगात बिघडलेलं सगळं या दोघांनीच नीट करायला घेतलं होतं.

दोघांनी एकाच ओळीला हात लावला की मात्र घोडं अडायचं. कॉम्प्युटर सांगायचा, कॉन्फ्लिक्ट आहे, कुणाचं ठेवू? मग दादा मला हाक मारायचा. "त्या शहाण्याला विचार, ही ओळ का बदलली." मी फोन लावायची. धाकटा म्हणायचा, "तुझ्या भावाला सांग, डोळे उघडून बघ म्हणावं." त्यातली अर्धी वाक्यं मी गिळायची, उरलेली धुऊन-पुसून पुढे द्यायची, आणि काम पुढे जायचं. मी भडकायची दोघांवर. कॉन्फ्लिक्ट नसला तो दिवस मला सुखाचा वाटायचा. आज कुणाचं कुणाशी अडलं नाही, घरात शांतता आहे, असं मी समजायची. इतकी मी मूर्ख.

आईचं दुखणं हाडात उतरलं तेव्हा तिला दादाच्या घरी आणलं. आता बरं करायचं काही उरलेलं नाही, दुखणार नाही एवढं बघा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मॉर्फिन पंपातून द्यायचं ठरलं. कामावर रजा टाकून मी तिच्या खोलीत मुक्काम हलवला. सिस्टर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा यायची, सिरिंज भरून लावायची. बाकी वेळ मी आणि वहिनी.

आई शेवटपर्यंत तिखट होती. वहिनीने उशी नीट केली की म्हणायची, "अगं, मेल्यावर कर नीट, तेव्हा मी हलणार नाही." आणि दिवसातून एकदा तरी मला जवळ बोलवायची.

"बोलतात का गं दोघं?"

"रोज," मी सांगायची.

"फोनवर?"

"कॉम्प्युटरवर. एकाने पाठवलेलं दुसरा घेतो."

"मग ठीक," आई म्हणायची आणि डोळे मिटायची. माझं सांगणं खोटं नव्हतं. पण खरंही अजिबात नव्हतं.

सुरुवातीला हॉस्पिटलचा जुना पंप होता. तो घरघर करायचा. आईला त्या आवाजाने झोप लागायची नाही. दादाने आमचं नवं मॉडेल घरी आणलं, अजून बाजारात न गेलेलं, लहान आणि बिनआवाजाचं. डॉक्टरांना त्याने स्वतः गळ घातली. हॉस्पिटलचा पंप दुसऱ्या पेशंटसाठी हवाच होता, तो त्यांनी नेला. दादाने नवा पंप आईच्या उशाशी ठेवला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "आई, हा आपला," तो म्हणाला. आपला. प्रदर्शनात हा शब्द सुचला असता तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून आई तळमळायला लागली. आधी ओठ चावायची, मग चादर मुठीत धरायची, मग विव्हळायला लागली. आईला विव्हळताना मी कधी ऐकलेलंच नव्हतं. आमच्या घरात रडण्याची तिला लाज वाटायची. ती रात्र आणि पुढची सकाळ मी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. वहिनी म्हणाली, दुखणं वाढलं असणार. सिस्टर म्हणाली, असं होतं कधीकधी, डॉक्टरांशी बोलते. मी आईचे पाय दाबत बसले. दाबले तरी दुखायचं, सोडले तरी दुखायचं.

दुपारी सहज माझं लक्ष सिरिंजकडे गेलं. सहज कसलं, सवयीने. जन्मभर मी तेच तर बघत आलेय, दट्ट्या कुठे पोचला. सकाळी भरलेली सिरिंज तोवर निम्मी तरी व्हायला हवी होती. दट्ट्या त्याच्या अर्ध्यावरही जेमतेम होता. पंपाच्या पडद्यावर मात्र आकडा बरोबर दिसत होता, हिरवा, ठसठशीत. पंप सांगत होता एक आणि देत होता त्याच्या अर्धं.

सिस्टरला फोन करून मी बोलावून घेतलं. तिने डॉक्टरांना विचारून हाताने इंजेक्शन दिलं. आईच्या मुठी हळूहळू सुटल्या. मग मी दादाचा कॉम्प्युटर उघडला आणि जे त्याने वाचायला हवं होतं ते वाचलं.

नव्या मॉडेलचा स्क्रू नवा होता. त्याचे आटे दुप्पट अंतरावर होते. एक फेरा फिरला की दट्ट्या पूर्वीच्या दुप्पट पुढे जायचा. दादाच्या ते लक्षात आलं, त्याने मोटरच्या भागात लिहिलं, भागिले दोन. पाणी मोजलं, बरोबर आलं. तिकडे धाकट्याकडेही एक नमुना गेला होता. त्याच्याही लक्षात आलं, त्याने डोसच्या भागात लिहिलं, भागिले दोन. पाणी मोजलं, बरोबर आलं. दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर. फाइल वेगळ्या, ओळी वेगळ्या, त्यामुळे मर्ज करताना कॉम्प्युटरने चकार शब्द काढला नाही. त्याला काय माहीत दोघांनी एकच गोष्ट केलीय? ते माहीत असायचं मला. एरवी दादा मला सांगायचा, मी हे करतोय, आणि ते मी धाकट्याच्या कानावर घालायची. पण मी आईजवळ बसले होते, आणि मी मधून उठले म्हणजे त्या दोघांमधलं दारच बंद झालं होतं. दोन्ही बदलांखाली तोच एक शब्द होता. दुरुस्ती.

दादा घरी आला तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला, खुर्ची ओढून बसला. मला वाटलं, आता तरी वितळेल.

"त्याला काढायला सांग," तो म्हणाला. "स्क्रू हा मोटरचा विषय आहे. मोटर माझी. त्याला कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला?"

"तू काढ ना. एक ओळ आहे. आई आत पडलीय, दादा."

"माझं चुकलेलं नाही."

मी गॅलरीत जाऊन धाकट्याला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आई कशी आहे आत्ता?"

"इंजेक्शनवर आहे. सिस्टरला दर वेळी धावत येणं जमणार नाही. तुझी ओळ काढ."

"ताई, मी का काढू? मोजून लिहिलंय मी. तुझ्या भावाने मर्ज करण्याआधी वाचायचं होतं. एकदा, फक्त एकदा त्याने माझं वाचलं असतं तर आईवर ही वेळ आली असती का?"

"तू येऊन त्याला सांग हे."

"तो बोलावणार आहे मला?"

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तुम्ही दोघं आपापली ओळ उराशी धरून बसा. ती तिकडे मेली की निवांत ठरवा कुणाची खरी." आणि फोन आपटला. मग गॅलरीतच उभी राहून रडले. त्या वेळी मला दोघांचाही तिरस्कार वाटला, मनापासून.

सकाळी दादा पंप कामावर घेऊन गेला. परत आला तेव्हा पंप त्याने दोन्ही हातांत धरला होता. दाढी केलेली नव्हती, डोळे सुजलेले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मिटलं."

"कुणी काढलं?"

"काढलं एकदाचं. आता तो विषय नको."

"थांब, मी एकदा पाणी घालून बघते."

आतून आईचा आवाज आला. सकाळच्या इंजेक्शनचा असर उतरत होता. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढे बोलवेना. "ती तिकडे तळमळतेय आणि तू पाणी मोजत बसणार? मी मोजलंय. स्वतः मोजलंय, दोनदा. बरोबर आहे."

त्याने खरंच मोजलं होतं, आणि खरंच बरोबर आलं होतं. सिस्टरने सिरिंज भरली, पंप लागला. डॉक्टरांनी फोनवर मूळचाच डोस ठेवायला सांगितला.

तासाभरात आईचा चेहरा उघडला. मला दुसरा शब्द सुचत नाही. कपाळावरच्या आठ्या गेल्या, हात मोकळे झाले. तिने दादाला जवळ बोलावलं, त्याच्या खरखरीत गालावरून हात फिरवला. "दाढी कर, दिसतोस कसा," म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"आज बरं वाटतंय गं. याचा आवाजसुद्धा नाही."

"हो ना."

"दोघांनी मिळून केला?"

मी दादाकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"हो आई. दोघांनी मिळून," मी म्हणाले.

"बोलतात ना?"

"बोलतात."

तिला झोप लागली. इतक्या दिवसांनी लागलेली झोप, आम्ही सगळे चवड्यांवर चालत होतो. वहिनीने मला ढकलतच आंघोळीला पाठवलं. आंघोळ करून मी जेवले, चक्क भूक लागली होती. वहिनी म्हणाली, "बघ कशा शांत झोपल्यात, लहान पोरासारख्या." मी दारातून पाहिलं. खरंच शांत होती. फारच शांत. छाती वर आली, खाली गेली, आणि मग मी वाट बघत राहिले. पुन्हा वर यायला फार वेळ लागला.

मी सिरिंजकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत पुरायचं औषध संपत आलं होतं. दट्ट्या तळाला टेकायच्या बेतात होता. पडद्यावर आकडा तोच, हिरवा, बरोबर.

मी पंप बंद केला, नळी काढली, आईला हलवलं, हाका मारल्या, गालांवर चापट्या मारल्या. वहिनी ओरडली, "अगं, काय करतेस, झोपू दे त्यांना!" तिला सांगायला माझ्याकडे वेळ नव्हता. सिस्टर आली, डॉक्टर आले, उतारा म्हणून काहीतरी टोचलं. आईने एकदा डोळे किलकिले केले, ओळख मात्र दिली नाही. दिवस मावळायच्या आत ती गेली.

मी डॉक्टरांना रिकामी सिरिंज दाखवली. ते ती हातात धरून उभे राहिले. "या अवस्थेत कधीही होऊ शकलं असतं," ते म्हणाले. मग सिरिंज मला परत देत, "पण हा पंप दुसऱ्या कुणाला लावू नका." एवढंच. ते मला दिलासा देत होते की इशारा, मला कळलं नाही. आईला वेदना नकोत, एवढी एकच गोष्ट आम्हाला करायची होती. तीही कशी केली बघा.

धाकटा आला तेव्हा सगळं उरकलं होतं. दोघं भाऊ एका घरात वावरत होते, एक हॉलमध्ये आला की दुसरा गॅलरीत जायचा. दादाने मला जिन्यात गाठलं. जिना रिकामा होता, तरी तो हळू आवाजात बोलला.

"तुला सांगतो, त्याला सांगू नकोस. रात्रभर झोप नाही आली मला. शेवटी मीच काढली माझी ओळ. म्हटलं, मरू दे मान. काढली, मोजली, बरोबर आलं, मग रोजच्यासारखं सर्व्हरवरचं सगळं आणून, मिसळून पंपात भरलं. निदान शेवटची झोप तरी तिला सुखाची लागली, हो ना?"

मी कठडा धरून उभी राहिले. शेवटचं पाणी त्याने मिसळण्याआधी मोजलं होतं.

संध्याकाळी धाकटा चहाचे कप धूत होता. पाठमोराच म्हणाला, "ताई, तू फोन आपटलास ना, त्यानंतर मी काढलं माझं. पहाटेच सर्व्हरवर टाकून दिलं. त्याला कळायला नको होतं, म्हणून नुसतं दुरुस्ती लिहिलं. आईला शेवटी दुखलं नाही ना गं?"

दोघांनी जन्मात पहिल्यांदा माघार घेतली, आणि ती एकाच वेळी, एकमेकांच्या नकळत. पुन्हा वेगळ्या फाइल, वेगळ्या ओळी. पुन्हा कॉम्प्युटरला काही अडलं नाही. दोघांचंही भागिले दोन गेलं आणि स्क्रूचे आटे होते तिथेच राहिले.

गप्प बसणं मला जमलं असतं. कितीतरी वर्षं मी हेच करत आले होते, अर्धी वाक्यं गिळणं. दोघंही मनात एकेक समाधान घेऊन जगले असते, की आईला शेवटची झोप मी दिली. त्यांच्याकडून ते काढून घेणं क्रूरपणाचं होतं, हे मला कळत होतं. पण नव्या मॉडेलचे खोके हॉस्पिटलला जायला तयार होते, त्यांत हाच प्रोग्रॅम होता. आणि खरं सांगायचं तर मला राग आला होता. असा राग, की त्यात माया मिसळलेली असते आणि तरी तो कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही कामावर बोलावलं. कुणालाही दुसऱ्याचं सांगितलं नाही. दोघं आत आले, एकमेकांना बघून दारातच थबकले. मी दार लावून घेतलं.

माझ्या टेबलावर आईचा पंप ठेवला होता. मी सिरिंजमध्ये पाणी भरलं. आईचाच डोस लावला. मापाची नळी खाली ठेवली आणि पाणी जिथे थांबायला हवं तिथे लाल पेनाने रेघ मारली.

"बसा," मी म्हणाले. "आणि बघा. बाकी काही करू नका."

पंपाचा आवाज नव्हता. थेंब पडायचा तेवढाच काय तो ऐकू यायचा. दादा हाताची घडी घालून बसला, धाकटा नळीकडे बघत. निम्माच वेळ झाला आणि पाणी रेघेला लागलं. मग रेघेच्या वर गेलं. धाकट्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मी नळीकडे बोट दाखवलं. पाणी चढतच राहिलं. ठरलेला वेळ भरून पंप थांबला तेव्हा ते बरोबर दुप्पट होतं.

दादाने हाताची घडी सोडली. धाकट्याकडे तोंड करून, माझ्याकडे न बघता, मला मध्ये न घेता त्याने विचारलं.

"तूही काढलंस?"

धाकटा त्याच्याकडे वळला. "पहाटे," तो म्हणाला. "तू कधी काढलंस, दादा?"

दादाने उत्तर दिलं. धाकट्याने पुढचं विचारलं. त्यालाही दादाने उत्तर दिलं. मी नळीतलं पाणी ओतून दिलं आणि नळी पुसत उभी राहिले. आई रोज विचारायची, बोलतात का गं दोघं. आता बोलत होते.